खोटं वगळून केलेली प्रार्थना

घाटंजीत मला खोली मिळाली ती बाजारामागच्या गल्लीत, एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर. पहिल्याच सकाळी मला जाग आली ती खालून येणाऱ्या एका बाईच्या चढ्या आवाजाने. बाई कुणाला तरी झापत होती.

"काल तुले सांगतलं होतं का नाही? सांगतलं होतं. मंग काहून नाही केलं? आयकू येत नसंल तं तसं सांग. मी आणखी जोरात बोलते."

समोरून उत्तर नव्हतं. नवरा फारच सोशिक दिसतो, असं मला वाटलं. पाण्याची बादली घेऊन मी खाली उतरलो, तर घरात नवरा नव्हताच. पन्नाशीच्या, केसांवर कायम पिठाची पांढरी पूड बसलेल्या एक बाई देव्हाऱ्यासमोर पाटावर बसल्या होत्या. आणि ज्याला झापणं चाललं होतं तो हातात लोण्याचा गोळा घेऊन रांगत होता. पितळेचा, अंगठ्याएवढा बाळकृष्ण.

मला पाहून बाई म्हणाल्या, "या भाऊ, बसा. झालंच माह्यं." मग देवाकडे वळून, "पाहुणे आले. राह्यलेलं उद्या सांगते."

या माझ्या घरमालकीण. त्यांना सगळं गाव गिरणीवाली काकू म्हणायचं. नवरा गेल्यावर गिरणी त्याच चालवत. वीसेक वर्षं पट्ट्याच्या खडखडाटाशेजारी उभं राहून त्यांचा एक कान पार गेला होता आणि दुसरा निम्मा. त्यामुळे आपण देवाशी पुटपुटतो आहोत असं त्यांना वाटायचं, आणि ते पुटपुटणं बाजाराच्या कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत स्पष्ट ऐकू जायचं. त्यातून ती भारनियमनाची वर्षं. सकाळी लाइट गेली की गिरणी बंद, पंखे बंद, टीव्ही बंद. साऱ्या गल्लीत एकच आवाज उरायचा. दाढी करणारे हातातला वस्तरा थांबवत, सडा टाकणाऱ्या बाया बादली खाली ठेवत. आमच्याकडे वर्तमानपत्र दुपारच्या एसटीने यायचं. काकूंची प्रार्थना सकाळीच असायची.

काकू देवाशी खोटं बोलत नसत. यात विशेष ते काय, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण एखादा माणूस ते खरोखरच पाळतो म्हणजे काय होतं, हे मी तीन वर्षं माडीवरून ऐकलं.

"आज सोमवार," त्या म्हणायच्या. "उपास हाय माहा. पण सकाळी चुकून चिवडा खाल्ला." मग वात सारखी करत, "चुकून नाही. भूक लागलती."

दुसऱ्या एका दिवशी म्हणाल्या, "नणंदेची तब्येत बरी कर म्हणून मी काल म्हटलं. ते लोकं बसले होते म्हणून म्हटलं. तशी मले काही घाई नाही."

आरती म्हणताना मी माझं सर्वस्व तुला वाहिलं अशा अर्थाचं कडवं आलं, की काकू गप्प बसत आणि पुढच्या कडव्याला पुन्हा सुरात सूर मिसळत. मी एकदा कारण विचारलं. "सर्वस्व कोठी वाहिलं भाऊ? गिरणी तं माह्याच नावावर हाय," त्या म्हणाल्या. "वाहिलं तेव्हा म्हणीन."

माझ्या प्रार्थनेकडेही त्यांचं लक्ष होतं. ऑफिसला जाताना मी भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे हात जोडून "सगळं ठीक आहे, असंच राहू दे" एवढं म्हणायचो. एकदा त्या चहा घेऊन वर आल्या आणि त्यांनी ते ऐकलं.

"सगळं ठीक हाय का?" त्यांनी विचारलं.

त्या महिन्यात मला कावीळ होऊन गेली होती, साहेब पाण्यात पाहत होते आणि माझं ठरू घातलेलं लग्न मोडलं होतं. "नाही," मी म्हणालो.

"मंग त्याले कायले फसवून राह्यले? हापिसात साहेबाले सांगता तसंच देवाले सांगता तुमी. त्याले वाटंल, चला, हे एक घर तं झालं. तो पुढच्या घरी जाईल."

मी नगरकडचा. त्यांच्या दृष्टीने माझी मराठी रेडिओवरची होती. तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात मी कनिष्ठ लिपिक होतो आणि 'सविनय सादर'पासून 'आपला विश्वासू'पर्यंतच्या मजकुरात माझा कुणी हात धरू शकत नसे. हीच कीर्ती पुढे मला नडली.

ती कापसाची वाईट वर्षं होती. काकूंनी जन्मात कापूस पेरला नव्हता, पण बाजारात भाव पडल्याची बातमी येण्याआधी त्यांना ती दळणावरून कळायची. सगळ्या शिवारात कापूसच कापूस, त्यामुळे ज्वारीसुद्धा लोक विकत आणून खायचे. कापूस विकला गेला तर दळण मोठं. कापूस घरात पडून राहिला तर पोतं जाऊन टोपली यायची, टोपली जाऊन पिशवी. दिवाळीनंतरही लोकांच्या पुढच्या खोल्या कापसाने छतापर्यंत भरलेल्या असत. माणसं त्यावरच झोपत आणि सकाळी अंग खाजवत गिरणीत येत. "खाजवणं वाढलं देवा," काकू सांगायच्या, "आणि दळण कमी झालं. मी नुसतं पाहून राह्यली. तू काय करून राह्यला?"

तो काय करत होता ते ठाऊक नाही, पण सरकार बरंच काही करत होतं. त्या काळात जिल्ह्यात कापसापेक्षा अभ्यास पथकांचं पीक जोरात होतं. एक पथक येऊन माती पाहून जाई, दुसरं माणसं पाहून जाई, तिसरं पहिल्या दोघांचे अहवाल पाहून जाई. अशाच एका पथकाला शोध लागला की मुख्य अडचण मनोबलाची आहे. मग वरून आदेश निघाला, की तालुक्याच्या ठिकाणी सामूहिक प्रार्थना घ्यावी.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मजकूर तुम्ही लिहा. सकारात्मक पाहिजे. तक्रारीचा सूर नको. तक्रारींसाठी लोकशाही दिन आहे. आणि शेवटी आभार घाला."

"देवाचे?" मी विचारलं.

"देवाचेही."

मी एका बैठकीत लिहून टाकलं. "हे परमेश्वरा, आम्ही सर्व तालुकावासी आज आनंदी अंतःकरणाने तुझ्यासमोर उभे आहोत. संकटांनी आम्ही खचलेलो नाही. तू जे दिले त्यात आम्ही समाधानी आहोत. हाती घेतलेल्या विविध उपाययोजनांना तू यश दे." साहेबांनी 'यश'च्या आधी लाल शाईने 'कालबद्ध' घातलं आणि सही केली. हे लिहिताना मला काही वाटलं का? खरं सांगायचं तर 'अंतःकरण' हा शब्द सुचला याचा आनंद वाटला.

कार्यक्रम बाजार समितीच्या आवारात होता. मांडव, सतरंज्या, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया. प्रत्येक गल्लीतून किती बाया आणायच्या ते ठरवून दिलेलं होतं, त्यामुळे काकूही आल्या होत्या. मोठ्या शहरातून एक महाराज बोलावले होते. मंचावर पाहुणे, त्यांच्या गळ्यात हार, हारांच्या मागे साहेब. पाहुण्यांना यायला दोन तास उशीर झाला होता आणि लोक उन्हात घामाघूम झाले होते. निवेदकाने सूचना दिली, की मंचावरून एक एक ओळ म्हटली जाईल आणि सर्वांनी ती मोठ्याने पाठोपाठ म्हणायची. दोनदा सराव झाला. लोक शिस्तीत म्हणत होते. आणि तेवढ्यात लाइट गेली.

माइक मेला. जनरेटर होता, पण त्याच्यात डिझेल नव्हतं. शहरातून आलेला निवेदक बिनमाइकचा पहिल्या रांगेपलीकडे पोचत नव्हता. साहेबांच्या कपाळावर घाम आला. तेव्हा आमच्या शिपायाने सुचवलं, "साहेब, गिरणीवाल्या काकूले बोलवा. तिले माइक लागत नाही."

काकू मंचावर गेल्या. साहेबांनी दिलेला कागद धरून चष्मा लावला. शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यामुळे वाचणं एक एक अक्षर लावून. पण आवाज असा, की मांडवामागे बांधलेले बैलही कान टवकारून उभे राहिले.

"हे परमेश्वरा," काकूंनी वाचलं.

"हे परमेश्वरा," मांडव म्हणाला.

"आमी सर्व तालुकावासी आज आनंदी..." काकू थांबल्या. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग समोरच्या माणसांकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे. "देवा, हे यायनं लिहून देलं. मी नुसती वाचून राह्यली. माह्यावर धरू नोको."

लोकांनी सूचनेप्रमाणे तेही पाठोपाठ म्हटलं. "माह्यावर धरू नोको."

मंचावर कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. काकू पुढच्या ओळीवर आल्या. "संकटांनी आमी ख... खच... खचलेलो नाही." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "आता हे कसं म्हणू? देवा, खचलो. लय खचलो. सकाळी खाटेवरून पाय खाली टाकाले जीव होत नाही, असं झालं. हे खरं हाय."

"खचलो," मांडव म्हणाला. "लय खचलो." पहिल्यांदा ते सवयीने आलं. मग पुरुषांच्या बाजूने कुणीतरी एकट्यानेच ते पुन्हा म्हटलं, मग तिसऱ्यांदा सगळ्यांनी. कुणीही सांगितलं नव्हतं. माझ्या शेजारी उभा असलेला आमचा शिपाईसुद्धा म्हणत होता.

"तू जे देलं त्यात आमी समाधानी आहोत," काकूंनी वाचलं आणि मान हलवली. "हे त्यायले विचार, इथं खुर्चीवर बसले ते." उपाययोजनांच्या ओळीवर त्या जरा अडखळल्या. "हे शेवटचं मले समजलं नाही. तुले समजलं तं पाह्य." मग कागदाची घडी करून साहेबांच्या हातात दिली आणि विचारलं, "कोणं लिहिलं जी हे?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मंचाच्या कडेला उभा होतो. जवळच एक हार उरला होता. त्यातल्या झेंडूची पाकळी न् पाकळी मी इतक्या बारकाईने पाहायला लागलो, की जणू त्याचाच अहवाल मला द्यायचा होता. महाराज अनुभवी होते. त्यांनी मघाशीच डोळे मिटून घेतले होते आणि लाइट येईपर्यंत ते उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, की सामूहिक प्रार्थनेला नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद. साहेबांनी तो कापून फाइलला लावला. मला मात्र मेमो मिळाला, की सदर मजकुराची पूर्वचाचणी का घेण्यात आली नाही. मी उत्तर दिलं, की यापुढे दक्षता घेण्यात येईल.

घरी मात्र मला चैन पडेना. संध्याकाळी मी खाली गेलो आणि म्हणालो, "काकू, ते मी लिहिलं होतं."

"मालूम हाय," त्या पीठ चाळता चाळता म्हणाल्या. "अंतःकरण म्हणणारं आपल्या गल्लीत दुसरं कोण हाय?"

"मग मंचावर विचारलंत कशाला?"

"तुमी सांगता का ते पाहाले."

त्यानंतर काकूंना गावात भलताच मान आला. लोक दळण घेऊन येत आणि कानाशी लागून म्हणत, "काकू, आमचंही एवढं घाला त्याच्या कानावर." काकू साफ नाही म्हणायच्या. "तुमचं तुमी सांगा. माह्याजवळ कोणाचं वकीलपत्र नाही." काही जण उलट सांगायला येत. ठेकेदारी करणाऱ्या एका गृहस्थांनी तर पेढ्यांचा पुडा आणून विनंती केली, की सकाळी देवापुढे आपलं नाव येऊ नये. हा देवाला भितो, असा काकूंचा समज झाला. दुसऱ्या दिवशी गल्लीला ऐकू आलं, "अमक्यानं पेढे देल्ले देवा, त्याचं नाव घेऊ नोको म्हणून. पेढे चांगले होते."

सगळे हसले. मीही हसलो. देवाशी असं रोखठोक बोलणाऱ्या बाईच्या माडीवर आपण राहतो याचा मला तोरा चढला होता. ऑफिसात मी त्यांचे किस्से सांगून चहा मिळवायचो.

मग मास्तरीणबाईंचं झालं.

त्या आमच्या समोरच्या घरात राहायच्या. त्यांचे यजमान विनाअनुदानित शाळेत शिक्षक होते, म्हणजे रोज वेळेवर शाळेत जाऊन विनावेतन शिकवत होते. घर चालायचं शिकवण्यांवर. शिकवण्यांना मुलं यायची कापूसवाल्यांची. कापूस घरात अडकला तशी मुलं एकेक करून गळाली. पण मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून सायकलवर निघायचे आणि मास्तरीणबाई रोज सकाळी दारात ठिपक्यांची रांगोळी काढायच्या. दोन मुली होत्या, तेल लावून घट्ट वेण्या घातलेल्या. त्या घराकडे पाहून कुणाला काही कळलं नसतं. काकूंना कळलं, कारण दळण त्यांच्याकडे यायचं.

एका सकाळी लाइट गेलेली होती. मास्तरीणबाई दारात रांगोळीला बसल्या होत्या. खालून आवाज आला.

"देवा, समोरच्या मास्तरीणबाईचं सांगायचं हाय. परवा डबा घेऊन आली. दोन हातांनी धरून आणला, लय जड हाय असं दाखवत. झाकण उघडलं तं तळाले चार मुठी गहू. मी काही बोल्ली नाही. दुसऱ्याच्या दळणातलं दोन ओंजळी पीठ काढून तिच्या डब्यात टाकलं. हे चोरी हाय, तुले सांगून ठेवते. पण त्या घरात दोन पोरी हाय. त्यायच्या घरी तू कधी जाणार हाय?"

मास्तरीणबाईंच्या चिमटीतली रांगोळी तिथेच सांडली. त्या उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. आमच्या गल्लीत घरातली माणसं परगावी गेली तरच दारं लागत. शेजारच्या ओट्यावर दाढी करणारा एक जण तोंडाला फेस तसाच ठेवून आत गेला. थोड्या वेळाने मास्तर सायकल घेऊन बाहेर पडले. शर्ट इस्त्रीचा होता. मान मात्र कोपरा येईपर्यंत वर झाली नाही.

कुणी काकूंना काही बोललं नाही. दोन दिवसांनी काकूंच्या लक्षात आलं, की मास्तरीणबाई पिशवी घेऊन उन्हातून पार एसटी स्टँडपलीकडच्या गिरणीत जातात. मग शिपायाच्या बायकोने त्यांना सगळं सांगितलं. आपला आवाज इतका लांब जातो, हे काकूंना तोवर खरंच ठाऊक नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "भाऊ, तुमाले वर आयकू येते?"

"येतं."

"सगळं?"

"सगळं."

"मंग तीन वर्षं कायले नाही सांगतलं?"

माझे किस्से बंद झाले असते म्हणून, हे खरं उत्तर होतं.

त्या दिवशी दुपारी त्या मला सोबत घेऊन समोर गेल्या. मी शुद्ध बोलतो, तेव्हा काही कमीजास्त झालं तर मी सावरावं, असं त्यांना वाटत होतं. मास्तरीणबाईंनी दार उघडलं, बसायला सतरंजी टाकली, पाणी दिलं. काकूंनी तांब्याला हात लावला नाही.

"चुकलं माह्यं बाई," त्या म्हणाल्या. "मले वाटलं मी त्याच्याशी बोलून राह्यली."

मास्तरीणबाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग अगदी हळू बोलल्या, पण काकू ओठांकडे पाहत होत्या, त्यामुळे त्यांना ते कळलं असावं.

"तुमी खोटं बोल्ल्या असत्या काकू, तं भांडता तरी आलं असतं. ते आमचं खरं होतं. सांगायचं होतं तं आमी सांगतलं असतं." त्यांनी पदर बोटावरून सोडला. "मी रोज देवाले सांगते, आमचं सगळं बरं हाय. मले मालूम हाय ते खोटं हाय. पण तेवढी एकच जागा होती जेथी आमचं सगळं बरं होतं."

मी तिथे काहीही शुद्ध बोलू शकलो नाही. आम्ही रस्ता ओलांडून परत आलो.

पंधरा दिवस काकूंनी प्रार्थना केली नाही. दिवा लावायच्या, हात जोडायच्या आणि उठायच्या. लाइट गेली की गल्लीत नुसती शांतता. लोकांना चुकल्यासारखं व्हायचं. एका संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तेव्हा त्या गिरणीच्या पायरीवर बसल्या होत्या. मी शेजारी बसलो. त्यांनीच विषय काढला.

"आमचे हे आजारी होते तेव्हा डॉक्टरनं हात टेकले. माह्या सासूनं सांगतलं, देवाजवळ हट्ट करू नये. त्याच्या मनासारखं होऊ दे, असं म्हणावं. म्या हात जोडले आणि म्हटलं, तुले जे योग्य वाटंल ते कर." काकूंनी हातावरचं पीठ झटकलं. "त्यानं केलं. माह्या मनात तसं नव्हतं भाऊ. माह्या मनात होतं, का हा माणूस मले पाहिजे, मंग तो लंगडा राहो का खाटेवर राहो. पण मी चांगली बाई दिसाले गेली. त्या दिवसापासून मी त्याले असं मोघम काही सांगत नाही."

मग गल्लीकडे पाहत म्हणाल्या, "पण खरं सांगाले जागा तं पाहिजे."

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी लाइट आल्या आल्या गिरणी सुरू झाली. मी खाली गेलो तर गिरणीत दळण नव्हतं. दगड मोकळे सोडून काकूंनी नुसती मोटर आणि पट्टा चालू केला होता. पट्टा फटाफट वाजत होता, पत्रे थरथरत होते, आणि त्या कोपऱ्यात बाळकृष्णाला एका डब्यावर ठेवून त्याच्यासमोर उभ्या होत्या. ओठ हलत होते. हातवारे पूर्वीचेच, झापण्याचे. शब्द एकही ऐकू येत नव्हता.

गिरणीची मोटर बांधून देणारे एक म्हातारे चाचा होते. ते महिन्याकाठी पट्टा पाहायला येत. त्यांनी हा प्रकार पाहिला आणि मोटरवर हात ठेवून म्हणाले, "बाई, खाली कायको चला रहे? बिल आयेंगा."

"मले देवाशी बोलायचं असते चाचा. लोकायले आयकू जाते."

चाचांनी विचार केला. "तो बोलो. मगर पट्टा थोडा ढीला रखो, बेरिंग जाएगी." त्यांनी पट्टा ढिला करून दिला, पान्हा पिशवीत टाकला आणि लगेच निघाले नाहीत. भिंतीकडे तोंड करून चार-पाच मिनिटं उभे राहिले. मग डोळे पुसले, पिठाने चुरचुरतात म्हणाले, आणि गेले.

पूर्वी काकूंना लाइट गेली की देव आठवायचा, आता लाइट आली की आठवायला लागला. वीज मंडळाने आमच्या गल्लीत भक्तीची वेळ ठरवून दिली होती. महिन्याभराने मी पाहिलं, तर गिरणीत काकूंसोबत आणखी कुणीतरी उभं होतं. मास्तरीणबाई. हातात डबा नव्हता, पिशवी नव्हती. दोघींची तोंडं दोन भिंतींकडे. मास्तरीणबाईंचा एक हात भिंतीवर टेकलेला होता आणि त्या बोलत होत्या, भराभर, श्वास न घेता, जोरात, इतकं जोरात की मानेची शीर ताठ झाली होती. बाहेर ओट्यावर मला फक्त पट्टा ऐकू येत होता. बोलून झाल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि घरी जाऊन रांगोळी पुरी केली. त्यांच्या घरात त्याने काही फार बदललं असं नाही. मास्तरांना पगार सुरू व्हायला पुढे बरीच वर्षं लागली. पण दळण पुन्हा काकूंकडे यायला लागलं, आणि डब्याचं झाकण मास्तरीणबाई काकूंसमोर स्वतः उघडत.

मग एकेक बाई यायला लागली. लाइट आली की दोघी-तिघी रिकाम्या हाताने गिरणीत शिरत. काकू कुणाला काही विचारत नसत. आता त्यांच्याकडे दळणाची एक रांग होती आणि बोलण्याची एक. कापूस घरात असलेले पुरुष आधी बायकांना पोचवायला म्हणून आले आणि मग स्वतःच आत जाऊ लागले. आमच्या ऑफिसने घेतलेल्या प्रार्थनेचा अहवाल बावीस पानी होता. या प्रार्थनेचा कुठेच नव्हता.

मी त्यात नव्हतो. मी विनंती बदलीचा अर्ज टाकला होता. कारणाच्या रकान्यात वडिलांची प्रकृती लिहिलं होतं. वडील त्या वेळी नगरला रोज दोन मैल चालत होते.

एका रविवारी काकू माडीवर आल्या आणि म्हणाल्या, "चला." मी नको नको म्हणत असताना त्यांनी मला खाली आणलं, कोपऱ्यात उभं केलं आणि स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. पट्टा सुरू झाला. त्या बाहेर गेल्या.

मी एकटाच उभा राहिलो. तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते "हे परमेश्वरा". मला स्वतःचीच लाज वाटली. मी पुन्हा सुरुवात केली. म्हणालो, वडिलांची प्रकृती चांगली आहे. म्हणालो, मला इथून जायचं आहे, कारण या लोकांचे चेहरे मला पाहवत नाहीत, आणि त्यांच्याबद्दल मी जे कागद लिहितो ते मलाच वाचवत नाहीत. म्हणालो, मी चांगला माणूस आहे असं मला वाटायचं. एवढं बोलून मी थांबलो. काकूंना न सांगता, त्या दळणात असताना सामान घेऊन एसटी गाठायची असं मी ठरवलं होतं. तेवढं मात्र मी म्हटलं नाही.

मी दार उघडलं. काकू आत आल्या, लाल बटण दाबलं. पट्टा सावकाश थांबला.

"झालं?"

"झालं."

"काय मांगतलं ते सांगू नोका. खरं बोल्ले का, तेवढं सांगा."

मी पायाखालच्या पिठाकडे पाहिलं. "अर्धं," मी म्हणालो.

काकूंनी पुन्हा हिरवं बटण दाबलं, आणि दार ओढून घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या.